माझे आठ पाय माझं ऐकेनात

नागपुरात, पाचपावलीतल्या एका घरात, जिन्याखाली कांद्याच्या टोपलीशेजारी काचेची एक पेटी ठेवली आहे. त्या पेटीतून मी बोलतेय. मी कोळीण. मासे विकणारी नव्हे. आठ पायांची, केसाळ, तुमच्या तळहाताएवढी. तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या. मला त्याची सवय आहे. आणि खरं सांगायचं तर तुम्हा माणसांबद्दल माझंही मत फारसं बरं नाही.

मला कान नाहीत, नाकही नाही. पायांवरच्या केसांनी मी ऐकते आणि पायांच्या टोकांनी चव घेते. म्हणजे जिथे उभी राहीन ते मला चाखावंच लागतं. तुम्हाला अनवाणी चालताना पावलोपावली रस्त्याची चव कळली असती तर कसं वाटलं असतं? मी माणसाच्या तळहातावर उभी राहिलेली आहे. घाम, साबण, मोबाइलच्या काचेवरचा चिकटा, मघाशी खाल्लेल्या चिवड्याचं तेल. शी! त्यापेक्षा कुजलेलं पान बरं.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट ठाऊक नाही. कुठल्यातरी दूरच्या शहरात, कुणाच्यातरी खोलीत, एका डब्यात. आम्ही शेकडो भावंडं होतो, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. ज्याला आधी भूक लागली त्याने शेजारच्याला खाल्लं. मीही खाल्लं. आमच्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही. मग एका माणसाने आम्हाला वेगवेगळ्या नळ्यांत भरलं, ओल्या कागदाचा बोळा वर कोंबला आणि पार्सलमधून पाठवून दिलं. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं, की सगळं जग सतत आपटत होतं.

नागपुरात मी पंकजच्या दुकानात उतरले. पंकज रंगीत मासे, लव्हबर्ड आणि पांढरे उंदीर विकायचा. त्याच्या दुकानाला मासळीच्या पाण्याचा आणि उंदरांच्या मुताचा वास होता. तिथे मी दोन-चार वेळा कात टाकली, वाढले. माझ्या गुडघ्यांवर नारिंगी पट्टे उमटले. आणि मग एक दिवस वैभव आला.

वैभव मिहानमधल्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. तेव्हा तो दाढी राखायला नुकताच लागला होता. पेटीच्या काचेला नाक लावून तो म्हणाला, “काय दिसते बे ही! एकदम राणी!” पंकज म्हणाला, “घेऊन जा भाऊ. कुत्र्यासारखी भुकत नाही, मांजरीसारखी केस गाळत नाही. एक झुरळ टाकलं का हप्ताभर बिनघोर.” वैभवने माझं नाव ठेवलं रोझी. मला नावाचा काय उपयोग? पण ठेवलं.

घरी त्याची आई कुसुमावती दारातच आडवी आली. तिचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. बाई ठेंगणी, आवाजाने मात्र जिना हलवणारी. डब्याचं झाकण उघडून तिने मला पाहिलं आणि तिच्या पोटातून असा काही आवाज आला, की माझे सगळे केस ताठ झाले.

“शी शी शी! हे कोणती अवदसा आणली गा घरात? लोकं घरातली जाळी काढतात, अन् तू जाळेवाली विकत आणली?”

“आई, काही करत नाही वं ती. गरीब आहे.”

“गरीब? डोळे पाह्य तिचे, किती आहेत! मले मळमळून राहिलं. वर ने. माह्या सयपाकघराच्या बाजूनं आणशीन तं पाह्य.”

वैभवचे वडील मनोहरराव हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते पेपर खाली न करताच म्हणाले, “राहू दे ना वं. पोरगं दारू पीत नाही, गुटखा खात नाही. एक किडा पाळला तं पाळला.”

अशी मी वरच्या खोलीत राहायला लागले. त्या दिवसापासून कुसुमावतीने मला रोझी कधीच म्हटलं नाही. तिच्यासाठी मी अवदसा होते. मला ते नाव जास्त खरं वाटायचं.

वैभवचं माझ्यावर प्रेम होतं, यात वाद नाही. पण ते कसलं प्रेम! रविवारी त्याचे मित्र यायचे, तर्री-पोहे खायचे आणि तेलकट बोटांनी काचेवर टकटक करायचे. वैभव मला हातावर घ्यायचा आणि कोणीतरी व्हिडिओ काढायचं. मुली “ईऽऽऽ” करायच्या, मुलं छाती काढायची. माणसांना घाण वाटून घ्यायला आवडतं हे मला तेव्हा कळलं. घाबरायचं, किंचाळायचं आणि पुन्हा वाकून बघायचं. मी बिळात जाऊ बघायचे, तर वैभव पेन्सिलीने मला बाहेर ढकलायचा. “बाहेर ये ना रोझी, लोकं आले आहेत.”

माझ्या जेवणासाठी त्याने झुरळंच पाळली होती. एका प्लास्टिकच्या टबात, अंड्यांच्या ट्रेखाली. मी खाते कशी तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. झुरळावर झेप घालायची, दात रुतवायचे, आतलं सगळं पातळ करून शोषून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून टाकून द्यायची. ती गोळी वैभवने चिमट्याने उचलायची असते. तो विसरायचा. तिच्यावर बुरशी यायची, बारीक माश्या यायच्या, आणि मी माझ्याच उष्ट्याच्या कुबट वासात दिवस काढायचे. पाण्यासाठी ठेवलेल्या बरणीच्या झाकणात तर कधीकधी शेवाळ यायचं. व्हिडिओत मात्र हे दिसत नसे.

एका उन्हाळ्यात त्या टबाचं झाकण उघडं राहिलं. झुरळं जिना उतरून थेट कुसुमावतीच्या स्वयंपाकघरात पोहोचली. पोळ्यांच्या डब्यात झुरळ, सावजी मसाल्याच्या बरणीवर झुरळ, देवाच्या तेलवातीपाशी झुरळ. त्या दिवशी तिचा आवाज मला काचेतून, मातीतून, माझ्या पोटातून ऐकू आला. तिने बाजारातून झुरळांचा खडू आणला आणि ओट्याखाली, सिंकमागे, दाराच्या फटीत पांढऱ्या रेघा ओढल्या. मनोहररावांनी डासांचं यंत्र लावलं. त्याच आठवड्यात गल्लीत धूर सोडणारी गाडीही येऊन गेली, आणि तो गोडूस धूर खिडकीतून वर माझ्या खोलीतही आला. पंकजनेही म्हणे दुकानात मुंग्यांसाठी काहीतरी फवारलं होतं. एवढं सगळं विष त्या आठवड्यात इकडून तिकडे फिरत होतं. नेमकं कशाने झालं, की यांतल्या कशानेच नाही, ते अजून कोणालाही ठाऊक नाही.

टब रिकामा होता. वैभवला दुकानात जायचा कंटाळा आला. त्याने ओट्याखाली लटपटत चाललेलं एक झुरळ झडप घालून पकडलं आणि माझ्यासमोर टाकलं. मी ते खाल्लं. त्याची चव मला आजही आठवते. कडू, आणि जिभेवर राहावी तशी पायांवर रेंगाळणारी.

काही दिवसांनी माझा पुढचा उजवा पाय आपणहून उडाला, पापणी उडते तसा.

मी त्याला उडायला सांगितलं नव्हतं. मी नुसती उभी होते. मग दुसरा उडाला. मग मी चालायला लागले, तर आठही पाय आठ दिशांना निघाले. एक पुढे, एक मागे, दोन एकमेकांत अडकलेले. मी तोल जाऊन कलंडले. जन्मापासून जे पाय मी कधी विचार न करता टाकले, ते आता माझे नव्हतेच. जणू माझ्या अंगाला दुसऱ्याच कुणाचे पाय चिकटवले होते आणि त्यांना माझ्यापासून पळून जायचं होतं. तुम्हाला माझी घाण वाटते ना? त्या दिवशी मला माझी वाटली.

वैभवने पाहिलं आणि तो हसला. “अरे, रोझी नाचून राहिली!” त्याने मोबाइल काढला, एक गाणं लावलं आणि माझ्या थरथरीचा व्हिडिओ जगाला दाखवला. तो व्हिडिओ त्याच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. मी बिळाच्या तोंडाशी उलटसुलट आपटत होते आणि व्हिडिओखाली माणसं हसण्याची चित्रं चिकटवत होती.

ते पाहून दुसऱ्या दिवशी एक फोन आला. धरमपेठेत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणारी डॉक्टर ऋतुजा. वैभवने तो फोन स्पीकरवर ठेवला होता.

“तुम्ही तो व्हिडिओ टाकला ना? आधी ते गाणं बंद करा. ती नाचत नाहीये. तिचे पाय तिच्या ताब्यात नाहीत.”

“म्हणजे काय झालं तिले?”

“माझ्याकडे अशीच एक होती, कॉलेजात असताना. हा मज्जातंतूंचा आजार आहे. कशाने होतो ते नक्की कोणीच सांगू शकत नाही. कीटकनाशक असू शकतं, दुसरंही काही असू शकतं.”

“औषध?”

“नाही,” ऋतुजा म्हणाली. “माझी वाचली नाही.”

संध्याकाळी घरात भांडण पेटलं. वैभव जिन्यातूनच ओरडला, “आई, तू मारलं तिले! तुह्या त्या खडूनं! पहिल्या दिवसापासून तुले नकोच होती ती!”

खाली भांड्यांचा आवाज थांबला. कुसुमावती पदराला हात पुसत वर आली. माझ्या खोलीत ती प्रथमच आली होती. तिची पावलं जड होती, पण आवाज मात्र हळू होता. ती हळू बोलते तेव्हा घरातली सगळी माणसं घाबरतात, हे मला पुढे कळलं.

“मारायचीच असती तं चपलेनं मारली असती. साऱ्यांच्या समोर. चोरून काहून मारू? खडू मी झुरळायसाठी ओढला. ते झुरळ उचलून तिच्या तोंडात कोणं टाकलं?”

वैभव गाडीची किल्ली शोधायला लागला.

“बोल ना. कोणं टाकलं?”

तो तसाच जिना उतरून गेला आणि गाडी सुरू करून कुठेतरी निघून गेला.

त्यानंतर वैभव माझ्याकडे बघेनासा झाला. खोलीत यायचा, चार्जर घ्यायचा, मान फिरवून निघून जायचा. मी सुंदर होते, नारिंगी पट्ट्यांची राणी होते, तोवर तो मला हातावर नाचवत होता. आता मी उताणी पडून पाय झाडत होते, तर त्याला किळस आली. हो, त्याला. एकदा फोनवर मित्राला तो सांगत होता, “मले पाहवतच नाही बे. अंगावर काटा येते. कसंतरीच होते.” त्याच्या आवाजात रडू होतं, हे मी नाकारत नाही. पण रडून माझं पाणी बदललं जात नव्हतं.

त्याच्या ओळखीच्या कोळी पाळणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला सांगितलं, की अशीला फ्रीजरमध्ये ठेव, थंडीने शांतपणे जाईल. एका दुपारी वैभवने मला झाकणाच्या डब्यात घातलं. डबा घेऊन तो खाली स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीज उघडला. वरच्या कप्प्याचा गार वारा डब्याला लागलेला मला जाणवला.

“ते काय ठेवून राहिला तिथं?” कुसुमावती मागून म्हणाली.

“काही नाही वं. रोझीले. तिचा त्रास संपून जाईन.”

“माह्या फ्रीजमध्ये?”

“आई, थोड्याच वेळाचं काम आहे.”

“वाटाणे आहेत त्याच्यात माहे! नैवेद्याचं खवा-खोबरं आहे! तिथं हे घाण ठेवतो? ठेवून तं पाह्य! आधी हे बाहेर काढ, नाही तं मी आत्ता पूर्ण फ्रीज उंबरठ्याबाहेर काढते!”

“मग काय करू मी? मरून राहिली ना ते!”

“मरायची असन तं आपल्या हिशोबानं मरन. पण माह्या वाटाण्यायच्या बाजूले नाही.”

असा माझा जीव वाचला. दयेने नाही, मायेने नाही. एका बाईला तिच्या फ्रीजची काळजी होती म्हणून. मी आजवर पुष्कळ लोकांचं प्रेम पाहिलं, पण त्या दुपारी किळसच माझ्या कामी आली.

डबा ओट्यावरही चालेना, म्हणून तिने तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरून जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत नेऊन ठेवला. तिथे कांदे-लसणाच्या टोपल्या होत्या. वैभवने माझी पेटी खाली आणली, मला तिच्यात सोडलं आणि मान फिरवून निघून गेला. कांद्याचा वास मला सहन होत नाही. पण तिथे अंधार होता, गारवा होता आणि वरच्या खोलीतल्या कूलरची ती अखंड थरथर नव्हती. माझी थरथर मला पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी वैभवकडून नंबर घेऊन तिने स्वतः ऋतुजाला फोन करून बोलावून घेतलं.

ऋतुजा आली, जिन्याखाली पालथी पडून टॉर्चने मला पाहिलं. कुसुमावती मागे, तोंडाला पदर लावून उभी.

“काकू, हिचे पाय पाहा. स्वस्थ असली तर ठीक असते, हलायला गेली की झटके येतात. तोच हा आजार. पाय पोटाखाली मुठीसारखे आवळून घेतले तर समजा की संपत आलं. आणि उताणी होऊन अगदी गुपचूप पडून राहिली, तर ती कात टाकते आहे. तेव्हा मेली समजून फेकू नका आणि सरळही करू नका. हात लावायचाच नाही.”

“मी कायले हात लावू? मेल्यावरही नाही लावणार.”

ऋतुजा हसली. मग तिने सांगितलं, की जुनी माती सगळी फेकायची, नारळाचा नवा भुसा घालायचा. पेटी नुसत्या गरम पाण्याने धुवायची, फिनाइल नको, साबणही नको. या बाजूला उदबत्ती, धूप, फवारा, डासांचं यंत्र, काहीही नको. रोज ताजं पाणी. पिऊ शकली नाही तर ड्रॉपरने थेंब तोंडापाशी सोडायचा. खायला काही नको. अंधार आणि शांतता.

“अन् एवढं करून वाचन का?”

“सांगता येत नाही, काकू.”

“मंग करायचं कायले?”

ऋतुजाने टॉर्च बंद केला. “तेही मी सांगू शकत नाही.”

कुसुमावतीने तोंडावरचा पदर काढून कमरेला खोचला. मग म्हणाली, “पोरगं म्हणते मी मारली. आता मेली तं जन्मभर म्हणत राहीन.” आणि ती भुसा आणायला निघाली.

तिने पहिल्यांदा माझी पेटी साफ केली तो दिवस मी विसरणार नाही. हातात दोन पिशव्या चढवलेल्या, तोंडाला पदर, पोळ्यांचा जुना चिमटा. चिमट्यात माझ्या उष्ट्याची बुरशी आलेली गोळी आली आणि ती तशीच मोरीकडे धावली. मला तिच्या ओकारीचे हादरे जमिनीतून जाणवले. चूळ भरली, परत आली, दुसरी गोळी उचलली, पुन्हा धावली. असं करत करत तिने सगळी पेटी स्वच्छ केली. एकेका गोळीबरोबर वैभवचा उद्धार चालला होता. “व्हिडिओ काढता येते, हे उचलता येत नाही! थूत तुह्या शौकावर!”

मग थेंब. ड्रॉपर धरलेला तिचा हात किळसेने कापत होता आणि माझे पाय आजाराने. थेंब कधी माझ्या डोक्यावर पडायचा, कधी मातीत. एकदा नेमका तोंडापाशी पडला आणि मी प्यायले. “पेली, पेली! शी, कशी पेते पाह्य ना!” ती ओरडली. मनोहरराव पेपर घेऊन धावत आले.

मनोहररावांचे हाल वेगळेच. डासांचं यंत्र बंद झालं, म्हणून त्यांना मच्छरदाणी लावावी लागली. “घरात मी रोगी पडलो तं इतकं कोणी करत नाही,” ते कुरकुरले. कुसुमावती म्हणाली, “तुम्ही पडा, मंग पाहू.” देवापुढची उदबत्ती तिने गच्चीवरच्या तुळशीपाशी नेली. शेजारच्या सिंधूताई एकदा डोकावल्या. “काहून वं, हे काय पोसून राहिली?”

“पोसून नाही राहिली. मरायची वाट पाहून राहिली,” कुसुमावती म्हणाली आणि माझ्या झाकणात ताजं पाणी ओतलं.

मी मात्र मरत नव्हते आणि बरीही होत नव्हते. पोट सुरकुतलं होतं. कधी सूत काढायला गेले तर पायात गुंता व्हायचा. कधी कधी वाटायचं, त्या डब्यातल्या गारव्यात संपले असते तर बरं झालं असतं. मग जिन्यावर ती जड पावलं वाजायची, “जिवंत आहे का अवदसा?” असा प्रश्न यायचा, आणि उत्तर म्हणून माझा एखादा पाय उडायचा.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मी सुताचं अंथरूण घातलं, उताणी झाले आणि निपचित पडले. लसूण घ्यायला आलेल्या मनोहररावांनी मला पाहिलं.

“कुसुम, गेली वं ते! सुटली बिचारी.” त्यांनी पेपरचं पान फाडलं आणि पेटीच्या झाकणाला हात घातला.

“हात नका लावू!” कुसुमावती एवढ्या जोरात ओरडली की कांद्याची टोपली घरंगळली. “पाय पाहा पहिले. मुठीसारखे आहेत का? नाहीत ना? गुपचूप आहे. डॉक्टरीण काय म्हणाली होती?”

“अवं, पण...”

“व्हा बाजूले.”

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि बसूनच राहिली. कात टाकणं म्हणजे स्वतःच्याच अंगातून स्वतःला ओढून काढणं. निरोगी असताना तेही सोपं नसतं. ऐकत नसलेल्या पायांनी तर एकेक पाय म्हणजे एक लढाई होती. वरचं कवच उकललं. एक पाय सुटला, दुसरा सुटला. मागचा एक अडकला, झटका आला, मी थांबले, पुन्हा ओढला. शेवटी मी बाहेर पडले, ओली, मऊ, पांढुरकी, आणि माझ्या बाजूला माझं जुनं रूप आठ पाय पसरून पडलं होतं.

कुसुमावतीचा चष्मा वरच राहिला होता. ती वाकली आणि किंचाळली, “अहो! दोन झाल्या! एक होती ते कमी होती का?”

मनोहरराव हसत हसत पायरीवरच बसले. मग तीही हसली, आणि मग कोण जाणे का, डोळ्यांना पदर लावून रडली.

नव्या अंगाबरोबर पाय माझ्याकडे परत आले. सगळे नाही. मागचा डावा अजूनही मधूनच उडतो. बाकीचे सात मात्र मी सांगेन तिकडे जातात. ऋतुजाने येऊन पाहिलं आणि सांगितलं, की असं क्वचित होतं, आणि पुन्हा कधी उलटणारच नाही असंही नाही.

आता माझ्या खाण्याचा प्रश्न आला. कुसुमावतीचा पंकजच्या दुकानावर विश्वास नव्हता आणि झुरळं तर तिने घरात येऊच दिली नसती. तेव्हा ऋतुजाने तिला मूठभर अळ्या दिल्या. कुसुमावतीने एका डब्यात गव्हाचा कोंडा भरला, गाजराच्या चकत्या टाकल्या आणि त्यात त्या अळ्या सोडल्या. डबा बंद करताना तिने डोळे मिटून घेतले. “जन्मभर गव्हातल्या अळ्या वेचून वेचून फेकल्या. आता पाळून राहिली. काय पाप केलं होतं मी?”

मी पहिली अळी खाल्ली तेव्हा वैभव जिन्यात उभा होता. पुष्कळ दिवसांनी तो माझ्यासमोर आला होता. खिशातला मोबाइल त्याने अर्धा बाहेर काढला आणि आईकडे पाहून परत आत ठेवला.

“आई, मी तेव्हा बोललो ते...”

“बोलला ते बोलला.”

“नाही, पण तू...”

“हे पाह्य, मी उद्या उमरेडले चालली, भाचीच्या लग्नाले. हे चिमटा, हे ड्रॉपर. गोळी दिसली का उचलायची. पाणी रोज. उलटी आली तं मोरी आहे. अन् तो पाय उडाला का तोंड फिरवायचं नाही. पाहायचं.”

ती लग्नाला गेली आणि वैभवने सगळं केलं. बुरशीची गोळी उचलताना त्याला उबळ आली, पण त्याने उचलली. माझा मागचा पाय उडाला तेव्हा तो दचकला आणि मान फिरवू लागला. पण मग पायरीवर बसून, ओठ दाबून, पाय थांबेपर्यंत बघत राहिला. आईचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, “हो वं, पाहिलं. एकदा उडाला. आता चांगली आहे.”

तर असं माझं आजवरचं आयुष्य. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझ्यासारखी असेल, तर माझी एवढी विनवणी ऐका. तिचा पाय उडाला तर गाणं लावू नका. ती कलंडू लागली तर कोणाला दाखवण्याआधी तिची माती आणि पाणी बदला, घरातला फवारा आणि धूर तिच्यापासून लांब ठेवा, कुठून आला ठाऊक नाही असा किडा तिच्यापुढे टाकू नका, आणि जाणत्याला विचारा. ती उताणी दिसली म्हणून घाईने मेली समजू नका. प्रेम नाही केलं तरी चालेल. घाण वाटली तर खुशाल वाटू द्या. मलाही तुमची वाटते. पण घाण वाटते म्हणून काम टाकू नका.

माझा आजार परत येईल का ते कोणी सांगू शकत नाही. परवा वैभवने विचारलं, मी गेले तर मला काचेच्या चौकटीत टाचणीने टोचून भिंतीवर लावायचं का. लोक तसं करतात म्हणे. कुसुमावती कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “काही नाही टोचायचं. सदाफुलीच्या कुंडीत खड्डा करीन अन् ठेवीन. अन् फोटो काढायचा नाही कोणी.”

आजवर माणसं माझ्याबद्दल पुष्कळ काही बोलली. त्यातली एवढीच गोष्ट मला स्वच्छ वाटली.